जोडलेली पानं

राव, सगळ्या दापोडीत माझ्याइतकी पुस्तकं वाचलेला माणूस नव्हता. आता पहिलं पान आणि शेवटचं पान, एवढ्यालाच मी पुस्तक म्हणायचो, ती गोष्ट वेगळी.

निघोज्याला माझी मावशी राहायची. काका होते तोवर रोज दुपारी तिला पुस्तक वाचून दाखवायचे. ते गेले, मग तिची नजरही गेली. म्हणून सुट्टी असली की मी एसटीने एक नवं पुस्तक घेऊन जायचो. मधली गोष्ट मनानेच रचायची! मावशी गोष्टीवर खूश, मी तिच्या भज्यांवर.

एका दुपारी काकांच्या बाजेवर बसून अशाच थापा मारत होतो, तर मावशी म्हणाली, "थांब. हिरीचं सोडलंस."

"कुठली विहीर, मावशी?"

"थोरली सून घागर सोडती ती. म्होरल्या पानावर हाय."

मी हसत पान उलटायला गेलो, तर उलटेना. तेव्हा नव्या पुस्तकांची पानं कधीकधी कडेला जोडलेलीच यायची, वाचणाऱ्यानेच कापायची. मी विळीने कापली. आत थोरली सून विहिरीत घागर सोडत होती.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "मावशी, हे पान आजवर कुणी उघडलेलंच नाही. तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? तुजे काका. त्यास्नी पुरं पुस्तक लागतं, थापा न्हाई चालत. आन तू आदी बाजंवरनं ऊठ, कवापासनं त्यांच्या पायांवर बसलायस."