उलटी घार

रंगारी: ...तर कॅप्टन म्हणाला, "मास्तर, एका घारीला मागे बघू दे. पिल्लू मागे राहिलं तर तिला कळेल." म्हणून मी रंगवलेली डाव्या अंगाची घार विमानाच्या नाकाकडे उडते आणि उजव्या अंगाची शेपटाकडे. लिहा, लिहा!

बायको: परवा दूधवाल्याला सांगत होतात, वादळात फिरली म्हणून.

रंगारी: अगं, ज्याला जेवढं पचेल तेवढं द्यावं.

कंपनीची बाई: काका, गोष्ट झकास आहे. पण मला फलकासाठी खरं हवंय. आपल्या विमान कंपनीला साठ वर्षं झाली, म्हणून नव्या विमानाला तुमचा जुना रंग देतोय. उलट्या घारीसकट! लोक अजून त्याच विमानाचे फोटो मागतात.

रंगारी: मुद्दाम उलटी काढणार? त्या घारीपायी तेव्हा साहेब थयथया नाचला होता!

कंपनीची बाई: जुन्या नोंदीत आहे ते. उजव्या बाजूला साचा पलटून लावायचा राहिला, असं लिहिलंय, आणि पुढे तुमच्या कामावरच्या जोडीदाराचं नाव. शिक्षा म्हणून तीन वर्षं त्यांना विमानं धुवायला लावलं.

बायको: माझा दादा तो. पहिल्यापासूनच धांदरट. आमच्या लग्नात बाबा त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाहीत. मी तर अजून टोमणे मारते.

कंपनीची बाई: आता मात्र फलकावर त्यांचंच नाव येणार, काकू. पडदाही त्यांच्याच हातून सरकवायचा आहे. काका, साक्षीदार म्हणून तुमची इथे सही लागेल.

(रंगारी पेनाचं टोपण काढतो, पुन्हा लावतो.)

बायको: करा की. माझ्या माहेरचं नाव आलं की लगेच हात आखडतो!

रंगारी: साचा मी लावला होता.

बायको: झालं, आली नवी गोष्ट.

रंगारी: हिच्यात कॅप्टन नाही आणि वादळही नाही. डावी बाजू झाली, शिडी उजवीकडे नेली आणि साचा तसाच चिकटवला. आठ दिवसांवर आपलं लग्न. डोकं होतं कुठे ठिकाणावर? दादा तर चहाला गेला होता.

बायको: मग त्याचं नाव कसं आलं?

रंगारी: साहेब ओरडत आला, "कुणाचा हात हा?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "माझा." नंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तुझी नोकरी गेली तर बाबा लग्न मोडतील. छोटीला यातलं काही कळता कामा नये."

बायको: आणि चाळीस वर्षं मी त्याला...

रंगारी: शिव्या होत्या तोवर बोलायला जीभ रेटली नाही. आता मान मिळतोय, तर बोललो की हिसकावल्यासारखं होतं.

कंपनीची बाई: मग नाव कुणाचं घालू, काका?

रंगारी: त्याचंच घाला. आणा तो कागद.

कंपनीची बाई: पण ते खरं नाही ना.

बायको: दोघांची घाला, बाई. यांनी चूक केली, त्याने ती अंगावर घेतली. अस्संच लिहा. आणि पडदा दादाच सरकवेल.

कंपनीची बाई: बरं. कागद नव्याने करून आणते. त्यांना मी फोन करू?

बायको: नको. आम्हीच जातो. अहो, चपला घाला. आणि तिथे गेल्यावर गप्प बसा जरा. आधी मला बोलायचंय.