बिनआरशाची हजामत

काका : मनातल्या मनात केस कापल्यावर कुठलं गिऱ्हाईक खुर्चीवरून उठलंय, मॅडम? तुम्हीच सांगा.

मॅडम : पुन्हा तेच. तीन आठवडे हेच ऐकतेय मी, काका.

काका : तीन आठवड्यांत हात हलला का? चाळीस वर्षं कात्री चालवली या हातानं. अर्धांगाचा झटका आल्यापासून दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर पडलाय. आणि तुम्ही म्हणता, डोळे मिटा, कल्पना करा!

काकू : करतात कुठं! मॅडम, सकाळी खुर्चीत बसवून मी स्वयंपाकघरात जाते. परत येते तर हे घोरतायत.

काका : घोरत नव्हतो मी.

काकू : मग काय, कात्रीचा आवाज होता तो?

मॅडम : काकू, थांबा जरा. काका, हाताचे व्यायाम आपण सोडलेले नाहीत, हे त्यांच्या जोडीला आहे. मनात नीट कापलंत, तर मेंदूतल्या त्या हालचालीच्या जागेलाही काम मिळतं. खेळाडू नाही का, पाय प्लॅस्टरमध्ये असला तरी पडल्या पडल्या मनात सराव करतात.

काका : मी खेळाडू नाही. केस कापणारा माणूस आहे. होतो.

काकू : होतो म्हणे! आता दुकान धाकटे भाऊजी बघतात, काल यांनी त्यांना फोन केला, दुकानातली माझी खुर्ची काढून टाक, उगाच जागा अडते. मला विचारलं पण नाही. मग मीच भाऊजींना बजावलं, खुर्चीला हात लावायचा नाही.

काका : आता माझ्या दुकानातही हिचंच चालणार!

मॅडम : तुमचं भांडण घरी जाऊन करा. मलाही वैताग येतो हो, माणूसच आहे मी. काका, डोळे मिटा. आज मोठ्यानं सांगत सांगत कापायचं.

काका : मिटले. गिऱ्हाईक बसलंय. कापड बांधलं. पाणी मारलं. कंगव्यानं केस उचलले, कात्री चालवतोय. बस?

मॅडम : कात्री चालवणारा दिसतोय का?

काका : दिसतोय की. पांढरा शर्ट, टक्कल. माझ्यापेक्षा त्याचा हात बरा चाललाय.

मॅडम : म्हणजे तुमचाच चेहरा दिसतोय तुम्हाला?

काका : समोर एवढा मोठा आरसा असल्यावर दिसणार नाही? चाळीस वर्षं आरशात बघूनच कापतोय.

मॅडम : अरे देवा! काका, तीन आठवडे तुम्ही नुसते बघत बसलात. कापलं एकदाही नाही.

काका : आता हे काय नवीन?

मॅडम : चूक माझी आहे, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तो हात लांबून बघायचा नाही, आतून जाणवला पाहिजे. कात्रीचं वजन, बोटांतला ताण. तो आरसा काढून टाका.

काका : सलूनमधला आरसा काढू? गिऱ्हाईक पळून जाईल!

मॅडम : बरं, दुकान सोडा. आरशाशिवाय कुणाचे केस कापलेत कधी?

काका : असं कोण कापून घेईल?

काकू : अहो, सासूबाईंचे कापलेत की. अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा.

काका : ते कशाला आता?

काकू : मॅडम, दोन वर्षं पडून होत्या. केसांच्या गाठी झाल्या होत्या नुसत्या. हे पलंगावर चढून पाठीमागे बसायचे आणि त्यांना छातीशी टेकवून कापायचे. शेवटी शेवटी दर महिन्याला.

मॅडम : काका?

काका : तिचं तोंडही दिसायचं नाही मला. डोकं सारखं हलवायची. झालं का, झालं का, किती वेळ लावतोस! एकदा मी खेकसलो, आई, हललीस तर कान कापला जाईल. मग गप्प बसली. मुद्दाम. दिवसभर बोलली नाही.

मॅडम : त्यांचेच कापा. डोळे उघडू नका. डावा हात कुठंय?

काका : कपाळावर. धरावंच लागतं, मान उभी राहत नव्हती. कपाळ गरम आहे. केस हे असे, कापसासारखे. कात्री लागल्याचं कळतही नाही.

मॅडम : आणि उजवा?

काका : कात्रीत. खालचं पातं हलत नाही, बोटं गप्प बसतात. चालतो तो फक्त अंगठा. उघड, मीट. उघड, मीट. कानामागे गाठ आहे, तिथं हळू. हळू गं, हलू नकोस. झालंच.

काकू : अहो...

मॅडम : काकू, बोलू नका. काका, हाताला काही होतंय का?

काका : अंगठा भरून आलाय.

मॅडम : कुठे?

काका : बुडाशी. दिवसभर काम केल्यावर यायचा तसा. हलला का तो?

मॅडम : नाही. खोटं सांगणार नाही, हललेला नाही. पण झटक्यानंतर पहिल्यांदाच त्या अंगठ्याबद्दल तुम्ही मला काही सांगितलंत. आज इथंच थांबू. उघडा डोळे.

(काका डोळे उघडत नाहीत.)

काकू : अहो, मॅडम काय म्हणतायत? उठा. बाहेर दुसरे पेशंट बसलेत.

काका : थांब गं जरा. तिची एक बाजू राहिलीय.