हाइक, पब आणि सासरे

अरे, सासऱ्यांना मी हाइकला नेलं, ते ऐकलंय का तुम्ही? ते पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आले होते. दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस अशी घरात त्यांची ख्याती. बायको मला म्हणाली, "तूही दर शनिवारी डोंगर चढतोस ना? मग बाबांना घेऊन जा."

ट्रेलवर पहिल्याच फाट्याला मी वाट चुकलो. आम्ही परत फिरलो आणि डोंगराखालच्या पबमध्ये शिरलो. बारमागची मुलगी माझं नाव घेऊन लांबूनच ओरडली, "युवर युज्वल?"

माझा चेहरा पडला. बाबांनी शांतपणे खुर्ची ओढली.

"घाबरू नका, जावईबापू. सिंहगड मीही आजवर पायथ्याच्या हॉटेलातूनच पाहिलाय."