वाघाचा आवाज

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट पाहणाऱ्या शिंपीबुवांनी शेजारच्या बापलेकीकडे कान टवकारले.

"रुंद सायलेन्सर बसवलास. आवाज वाघाचा, पण भरलेली पिकअप चढावर शेळी!"

"नळी जास्तच रुंद झाली, बाबा. वेगात ताकद वाढली, सावकाश ओढताना घटली."

"मग किल्ली भावाला दे. धंदा त्याला जमेल."

"नळी चुकली म्हणून माझी गाडी त्याची?"

"नुसत्या आवाजाने माल चढत नाही, पोरी!"

"ठाऊक आहे. आपल्या घरी आवाज तुमचा, ओढते आई."

शिंपीबुवांना जोरात ठसका लागला.

"हळू बोल, लोक ऐकतायत!"

"ऐकू देत. मिस्त्री, मधल्या मापाची नळी बसवा. किल्ली माझ्याकडेच राहील. आणि बाबा, उद्या चढावर तुम्ही शेजारी बसा, गप्प!"