सांडूच्या पायाचा कौल

मी सारजाबाई पुंजाराम शिंगाडे, वय ५८, धंदा धुणीभांडी, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर. समक्ष हजर राहून सांगते की, वरच्या पत्त्यावर मी मुलगा हनुमान याच्यासोबत राहते. गावाकडं पाणी आटलं, मेंढरं विकली, तवापासून इथंच.

आमच्यात खंडोबाचा कौल लावतात. देवाच्या चांदीच्या टाकाला दोन्हीकडं ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाय. गावचा भगत कडुबा फूल हातानं झाकून मनचंच सांगायचा. म्हणून आम्ही काही घरं फुटलो. आमचा नेम असा, ज्याचा सवाल त्यानं आपल्या डोळ्यानं बघायचं. पुजाऱ्यानं त्यावर तोंड उघडायचं नाय, नंतरबी नाय. पुजारी मीच, अन् हा नेमबी मीच घातला.

दुष्काळात माणसं पांगली, म्हणून मोबाइलवर ग्रुप करून व्हिडिओवर कौल सुरू केला. हनुमान पडद्याची बाजू देवाकडं करून मोबाइल उभा करतो, म्हणजे मलाबी माणसं दिसतेत.

माझा सख्खा भाऊ सांडू, राहणार हर्सूल, दवाखान्यात होता. शुगरनं पाय सडला होता. पाय कापा, नायतर माणूस जाईल, असं डॉक्टर म्हणले. भावजय अंबिका हिनं दवाखान्यातूनच सवाल लावला, कापू देऊ का? फूल उजवं पडलं. मी बघितलं. अंबिकानं त्याला त्याच दिवशी घरी नेलं. मला वाटलं, देवाचं ऐकलं नाय, त्यांची मर्जी. जीव लई तुटला, पण नेम होता, गप बसले. सांडू वारला.

काल दहाव्याला मला राहवलं नाय. म्हणलं, "अंबिके, देव हो म्हणला होता गं." ती म्हणली, "काय बोलता वन्सं? डावं पडलं. ह्या डोळ्यानं बघितलं." हनुमाननं त्या दिवसाचा व्हिडिओ लावला. त्यात देवाच्या उजव्या हातातली तलवार डाव्या हातात दिसत होती. पडद्याच्या बाजूच्या कॅमेऱ्यानं आरशावानी सगळं उलटं दावलं. आम्हाला काय ठाऊक?

आज सकाळी अंबिकानं घरी येऊन मोबाइल फरशीवर आपटला, माझ्या तोंडात मारली. "तुम्हाला दिसलं होतं तर बोलला का नाय?" असं ती म्हणाली. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं.

ग्रुपवरची माणसं शेजारणीच्या फोनवर विचारायलेत, आमच्या पोरीचं लग्न जमवलं ते फूल कुठल्या बाजूचं? काय सांगू. दमले बाई आता.

माझी अंबिकाविरुद्ध काही तक्रार नाय. कडुबा लबाड होता, पण बोलायचा तरी.

जबाब हवालदारबाईंनी मला मोठ्यानं ऐकवला. मी बोलले तसाच आहे, या वेळी काही गाळलेलं नाही.

निशाणी डावा अंगठा
सारजाबाई पुंजाराम शिंगाडे