पर्समधला माउस

मला कॉम्प्युटरमधलं काही विचारणार असाल, तर आधी हे ऐका.

खांदा कॉलनीत माझी मावशी राहते. काका गेले त्याला दोन वर्षं झाली, आणि त्यांचे सगळे फोटो घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आहेत. तो हल्ली मधूनच आपोआप बंद पडायला लागला होता. मावशी म्हणाली, "हा पूर्ण जायच्या आत तेवढे फोटो बाहेर काढून दे रे." मी म्हटलं, काळजी करू नकोस. दुकानातली सगळ्यात फास्ट हार्ड डिस्क घेतली, टाइप-सीवाली. तिच्याकडे नेली, तर कॉम्प्युटरला टाइप-सी लावायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी बदलून आणायला निघालो, तर मावशी म्हणाली, "थांब, मी पण येते."

दुकानदाराने विचारलं, "पिन कुठली हवीय?" मी त्याला स्पीड समजावायला लागलो. जुन्या पिनने किती वेळ जातो, नवीन कशी मिनिटांत कॉपी करते, सगळं. तेवढ्यात मावशीने पर्स उघडली आणि घरचा माउस वायरसकट काउंटरवर ठेवला.

"हा जिथे बसतो, तिथे बसेल अशी द्या."

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "अरे, मॅचिंग ब्लाउजपीस आणायला साडी घेऊनच जातो ना आपण?"

दुकानदाराने हार्ड डिस्क बदलून दिली. देताना मला म्हणाला, "सर, आपण काय करता?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "कॉम्प्युटरमध्येच आहे तो."