न वाजलेला हॉर्न

आम्रपाली : पप्पा, पॉज नका ना करू! आत्ता तर सुरू झालंय.

तात्याराव : सुरू झालंय? मला वाटलं, तुझ्या आईनं आत मिक्सर लावला.

आम्रपाली : म्युझिक आहे ते. टेन्शन बिल्ड होतं त्यानं.

तात्याराव : माझं झालं. रक्तदाबाची गोळी आत्ताच घेऊ का? बरं, लाव पुढे. अंधार, वादळ, विजा. आणि ही मुलगी मेणबत्ती घेऊन जिना उतरतेय. का उतरतेय?

आम्रपाली : खाली कसला तरी आवाज आला म्हणून.

तात्याराव : आपल्या वारज्यात खाली आवाज आला तर माणूस गॅलरीतून वाकून विचारतो, "कोण आहे रे?" जिना कशाला उतरेल? आणि मोबाईलला टॉर्च असताना मेणबत्ती?

आम्रपाली : मूड असतो हो तो! पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला धरून ठेवावं लागतं, नाहीतर तो दुसरं काहीतरी लावतो. उद्या प्रोड्यूसरला मी बनवलेला एवढाच भाग दाखवायचाय. आवडला तर पूर्ण फिल्म. नाहीतर सगळं पाण्यात.

तात्याराव : उद्या? मग ऑफिस?

आम्रपाली : सुट्टी टाकलीये.

तात्याराव : अरे वा. मिळाली?

आम्रपाली : हो... मिळाली ना.

तात्याराव : फारच दिलदार साहेब आहेत तुमचे.

प्रेमला : (स्वयंपाकघरातून) आमू, उद्या डबा नेणार का गं?

आम्रपाली : नेणार. पण आई, रोज कोरडी भाजी काय? ऑफिसात सगळे मस्त रस्साबिस्सा आणतात.

प्रेमला : बघू.

तात्याराव : हे काय? मेली पण?

आम्रपाली : येस! पहिल्याच सीनमध्ये. बसला ना शॉक?

तात्याराव : नाही बुवा. तिचं नाव कळलं नाही, तिला काय हवं होतं ते कळलं नाही. आपल्या सोसायटीच्या फळ्यावरसुद्धा गेलेल्या माणसाचा निदान फ्लॅट नंबर लिहितात.

आम्रपाली : तुम्ही जन्मभर पाटबंधारे खात्यात फायली सरकवल्या. तुम्हाला थ्रिलरमधलं काय कळतंय?

तात्याराव : सरकारी खात्यात दुसरं काय असतं? बदली गडचिरोलीला की शेजारच्या टेबलाला, हे हातात कागद पडेपर्यंत कळत नाही. ऐक, मी सांगतो एक सुरुवात.

आम्रपाली : सांगा. खून आहे?

तात्याराव : नाही. सकाळ आहे. लख्ख ऊन. गॅलरीत एक म्हातारा पेपर वाचतोय. मुलगी गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून, डबा घेऊन निघते. "येते हं" म्हणते. म्हातारा मान हलवतो.

आम्रपाली : बोअर! यात प्रेक्षकानं थांबायचं कशासाठी?

तात्याराव : थांब ना. गल्लीत रोज हडपसरच्या कंपनीची बस वळायची, फक्त त्या मुलीसाठी. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच यायचा, आणि म्हातारा रोज त्याच्या नावानं शंख करायचा. हल्ली बस वळत नाही. हॉर्न वाजत नाही. मुलगी मात्र रोज निघते. आवाजाची भीती नाही वाटत, बाळा. रोजचा आवाज आला नाही, की वाटते.

आम्रपाली : बसचा रूट बदललाय, पप्पा.

तात्याराव : असं? मग उद्याची सुट्टी दिली कुणी?

आम्रपाली : ...कधीपासून माहितीये तुम्हाला?

तात्याराव : दिवाळी संपली, बस थांबली. एवढं कळायला पोलीस लागत नाहीत.

आम्रपाली : आणि तरी रोज नुसती मान हलवत होतात? ओरडायचं तरी!

तात्याराव : रोज संध्याकाळी तुझी बेल वाजली की वाटायचं, आज सांगेल. टेन्शन बिल्ड व्हायचं. मिक्सर न लावता व्हायचं.

आम्रपाली : फिल्म विकली गेली की सांगणारच होते. नोकरी करून हे होत नव्हतं, पप्पा. आधी सांगितलं असतं तर तुम्ही परत तो खुर्चीचा विषय काढला असतात.

तात्याराव : काढणारच! माझा बाप कचेरीच्या दाराबाहेर उभा राहायचा. मला लाकडी खुर्ची मिळाली, तुला गरगर फिरणारी. ती सोडलीस, आणि केलंस काय? मेणबत्ती घेऊन जिना उतरलीस!

आम्रपाली : इतकं वाईट आहे?

तात्याराव : खुर्ची सोडण्याइतकं चांगलं नाही. अजून रात्र आहे हातात. ती मेणबत्ती आधी विझव.

आम्रपाली : विझवते. पण आईला सांगू नका, प्लीज. तिला सहन नाही होणार. उद्यापर्यंत तरी नको.

तात्याराव : अगं प्रेमला, बाहेर ये जरा.

आम्रपाली : पप्पा!

प्रेमला : ओरडू नकोस, आत सगळं ऐकू येतं. आणि मला काय सहन व्हायचं राहिलंय? मागे ताईकडे शनिवार पेठेत गेले होते, तेव्हाच बघितलं तुला. बागेत बाकावर बसली होतीस, मांडीवर डबा. रस्सा सगळा ड्रेसवर सांडला होता, आणि ओढणीनं पुसत होतीस.

आम्रपाली : मग हाक का नाही मारलीस?

प्रेमला : जेवण टाकून उठली असतीस. दुसऱ्या दिवसापासून कोरडी भाजी द्यायला लागले.